मोटारीची मान

मला एका जागी बसवत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. जेवतानासुद्धा दोनदा पाटावरून उठतो. पण त्या पौषातल्या सकाळी माझ्या जिवाची जी उलघाल झाली, तशी पुन्हा झाली नाही आणि होऊही नये.

बायकोला नववा लागला होता. आधीची दोन लेकरं गेली होती, एक पोटातच आणि दुसरं जन्मल्यावर घटकाभरात. त्या दुसऱ्या खेपेला ती म्हणाली होती, मला वाशीमच्या दवाखान्यात नेऊन घाला. मी म्हटलं, पेरणी उरकू दे, दोन दिवसांनी जाऊ. ते दोन दिवस अजून माझ्या घशात अडकलेले आहेत. या खेपेला दाईने सांगितलं, हिला आडवीच ठेवा आणि लवकर दवाखाना गाठा. मी तसाच माझी छपराची बैलगाडी, दमणी, जुंपायला उठलो. पण जुंपणार काय? आमच्या रिठदात तेव्हा तोंडखुरीची साथ होती. माझे दोन्ही बैल लाळ गाळत गोठ्यात बसलेले, त्यांना पाय टेकवत नव्हता. गावात धड बैल कोणाकडेच उरले नव्हते.

देवाने धाडावा तसा त्या दिवशी रिसोडचा एक सावजी किराणा घेऊन गावात आला होता. जैन माणूस, मुंगीलाही चुकवून पाऊल टाकणारा. त्याने एक जुनी मोटार घेऊन तिचा मागचा भाग कापला होता आणि तिथे फळ्यांचा हौदा बसवला होता. हौदा उघडा आणि आखूड, त्यात बाईमाणसाला पाय पसरून निजता आलं नसतं. मी म्हटलं, माझी दमणीच मागे बांधू. वर छप्पर, आत गादी. वाशीमला पंधरा दिवस राहायची वेळ आली तर दवाखान्याच्या बाहेर तेच घर. सावजी कबूल झाला, पण त्याला एक काळजी होती.

"भाऊ, वजन माह्या मोटारीवर येऊ देऊ नका. खालच्या स्प्रिंगचे पाटे जुने हायेत."

हे ऐकलं आणि माझ्यातला गाडीवान जागा झाला. बैलाच्या मानेवर ओझं पडू नये अशी गाडी भरायची, जू दोन बोटांनी उचललं गेलं पाहिजे, ही आमची रीत. माझ्यासारखी गाडी भरणारा पंचक्रोशीत नाही अशी ख्याती होती, आणि ती बरीचशी मीच पसरवली होती. मी विचार केला, जुनी मोटार म्हणजे म्हातारा बैल, तिच्या मानेला तर जास्तच जपलं पाहिजे. ज्वारीचं पोतं, पाण्याच्या घागरी, जळतण, पाटा-वरवंटा, सगळं मागे रचलं. बायकोलाही मागेच निजवलं. तिच्याजवळ वहिनीला बसवलं. जू सोडून धुरा, म्हणजे गाडीचा पुढचा दांडा, मोटारीच्या कडीला साखळीने आवळली आणि मी सावजीशेजारी जाऊन बसलो.

गाव सुटेपर्यंत सारं ठीक होतं. सडकेला लागल्यावर सावजीने वेग धरला आणि दमणी हलू लागली. सुपात दाणे घोळवावेत तशी डावीकडे, उजवीकडे, दर झोका आधीच्याहून मोठा. आतून वहिनीची हाक आली. मोटार थांबायच्या आत मी खाली उडी टाकली.

मग माझी अक्कल चालू झाली. आधी दोन्ही अंगांनी दोर ताणून बांधले. त्यावर सडकेच्या कडेचा एक धोंडा आणून दमणीच्या मागच्या फळीवर ठेवला, म्हणजे बूड जड होऊन गाडी दबून चालेल. हे मी सहसा कोणाला सांगत नाही. पुन्हा निघालो तर शंभर पावलांत दमणीने असा हेलकावा घेतला की तिचं एक चाक सडक सोडून नालीच्या काठावरून गेलं. सावजीच्या तोंडचं पाणी पळालं. तो बैलाच्या चालीने हाकू लागला, तेव्हा कुठे हलणं थांबलं. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात वहिनीने पुन्हा हाक दिली. पोटात कळा सुरू झाल्या होत्या.

आता हळू गेलं तर सारा दिवस वाटेतच जाणार आणि जोरात गेलं तर गाडी उलटणार. मी दमणीभोवती फेऱ्या मारत होतो, दोर सोडत होतो, पुन्हा बांधत होतो. मला भीती वाटत होती, साधी, लहान मुलासारखी भीती.

"अहो, इकडे या," बायको आतून म्हणाली. "कायले दोर बांधून राह्यले? मांगं दबते तवाच हालणं सुरू होते. गाडी उलाय झाली. मले समोर न्या."

गाडी उलाळ होते म्हणजे मागे जड होऊन पुढून उचलते. बैल असते तर जू मानेवरून उठलं असतं, खालचा पट्टा त्यांच्या गळ्याला लागला असता, ते अडले असते आणि मला तिथंच कळलं असतं. इथे साखळीने धुरा दाबून धरली होती, आणि साखळीला गळा नसतो. तरी मी म्हणालो, "समोर नेलं तर मोटारीच्या मानेवर भार येईन वं."

"मोटारीले कायची मान?" ती म्हणाली. "मांगच्या खेपेले बी मी सांगून राह्यली होती. तवा तुमची पेरणी आडवी आली. आता मोटारीची मान आडवी आली."

सावजी मागे उभा राहून ऐकत होता. त्याने पुढे होऊन ज्वारीच्या पोत्याला हात घातला. "भाऊ, धरा तिकून. पाटे तुटले तर तुटू द्या."

धोंडा फेकला. पोतं, घागरी, पाटा-वरवंटा, सगळं चाकांच्या पुढे घेतलं. वहिनीने आणि मी गादीसकट बायकोला पुढे सरकवलं. मी स्वतः गाडीवानाच्या जागी धुरेवर बसलो. मोटारीचं मागचं अंग खाली बसलं, पाटे करकरले. सावजीने आधी हळू, मग बेताने, मग चांगला वेग धरला. दमणी मोटारीच्या मागे सरळ चालत राहिली. मला मात्र उठायची सोय नव्हती, कारण उठलो की धुरा हलकी. वाशीमपर्यंत मी तिथे बसून राहिलो, पाठीमागे तिचं कण्हणं ऐकत.

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. बाहेरच्या ओट्यावर मला तिचं रडणं ऐकू आलं आणि मीही रडलो. सावजी शेजारी बसून होता, त्याला कळलं नसेल असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आत सोडलं. बायको भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर मुलगी. काय बोलावं ते रात्रभर ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. शेवटी म्हणालो, "मांगच्या खेपेले तुह्यं ऐकलं असतं, तर तो बी वाचला असता."

नाही म्हणेल, नशीब म्हणेल, अशी मला आशा होती.

"मले माईत हाये," ती म्हणाली, आणि मुलीला माझ्या हातात दिलं.