डावा सासरचा, उजवा माहेरचा

माझ्या नणंदेइतक्या चपला पायात घालून बघितलेली बाई अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायची नाही, आणि तिच्याइतक्या कमी विकत घेतलेलीही. त्यांना आम्ही अक्का म्हणतो. राहतात शिरूर कासारला. बीडला माझ्याकडे आल्या की हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी दारातल्या माझ्या चपला एकेक करून पायात सरकवतात, अंगणात फेरी मारतात आणि मगच आत येऊन पाणी मागतात. आधी मला वाटायचं, बाईंचं काहीतरी हरवलंय. हळदीकुंकवाला गेल्या की बाकीच्या बायका आत वाण घेत असतात आणि अक्का बाहेर चपलांच्या ढिगात. कोणाची मखमली पट्ट्याची, कोणाची मोत्यांची, जी डोळ्यांत भरेल ती घालायची, हापशापर्यंत जायचं, परत यायचं आणि निकाल द्यायचा. "दिसायला नवरी, चालायला सवत," हा ठरलेला निकाल. एखादी मऊ निघालीच तर म्हणणार, बरी हाय, पण दवाखान्यातून पळून आल्यागत दिसतंय.

अडचण त्यांच्या पायांतच आहे. डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर मोठा. डाव्याला बसलेली चप्पल उजव्यातून निसटते, उजव्याला बसलेली डाव्याला चावते. डॉक्टरांनी त्याचं काहीतरी कारण सांगितलं होतं, पण अक्कांना स्वतःचंच कारण पटतं. "डावा सासरचा, उजवा माहेरचा. दोघांचं कधी जमलं न्हाई वैनी, मंग एका जोडीत कावून नांदतील?"

त्यांना हसायला मला तोंड नाही म्हणा. मी आंबेजोगाईची, म्हणजे त्या काळी स्वतःला नटीची धाकटी बहीण समजणारी. लग्नानंतर सासरच्या शेतावर पहिल्यांदा गेले ती उंच टाचांच्या सँडल घालून. काळ्या रानाला नुकतंच पाणी दिलेलं. पहिल्या पावलाला टाच रुतली, दुसऱ्या पावलाला मी. सँडल मातीत ताठ उभी आणि शेजारी मी एका पायावर, बगळ्यासारखी. सासरचे सगळे बांधावरून बघत होते आणि मी आपली पदर सावरत, जणू रानात असंच उभं राहायची आमच्याकडे पद्धत आहे. अक्का आल्या. माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. सँडल उपटली, झटकली, स्वतःच्या पायात घालून बघितली आणि रंग चांगला असल्याचं सांगून निघून गेल्या. माझं काय करायचं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

यंदा मात्र अक्कांना खरोखरच चप्पल हवी होती. नातीचं लग्न ठरलं होतं. मुलगा-सून दरवर्षी ऊसतोडीला जायचे, त्यामुळे ही पोर रांगायला लागल्यापासून अक्कांच्याच कुशीत वाढलेली. मामा नवरीला बोहल्याकडे नेईल तेव्हा तिच्या मागं आपणच चालायचं, हे अक्कांनी मनाशी कधीचं पक्कं केलेलं. पण मागच्या साली त्या पायरीवरून पडल्या आणि तेव्हापासून टाच ठणकायला लागली. डॉक्टरांनी दिलेली जाड काळी चप्पल घातली की चालता यायचं, पण ती दिसायची रेड्याच्या खुरासारखी. ती घालून त्या फोटोत यायला तयार नव्हत्या, आणि नाजूक चपलेत चार पावलांवर लंगडायच्या. मुलगा म्हणाला, आई, तू खुर्चीत बस. अक्कांनी त्याला एकच सांगितलं, "खुर्चीतून आशीर्वाद देता येतो. पोर सोपवता येत न्हाई."

मग आम्ही दोघींनी बीडची दुकानं पालथी घातली. सपाट होती ती सुटायची, टाचेची होती ती ठणकायची, गादीची होती ती अक्कांना उशीवर उभं राहिल्यासारखी वाटायची. दुकानदार चपला काढत राहिला, मी बघत राहिले, आणि शेवटी कोणती अक्कांची, कोणती माझी आणि कोणती विकायची, याचा माझ्या डोक्यात पार काला झाला. एका दुकानातून निघाले तेव्हा माझ्या एका पायात माझी चप्पल होती आणि दुसऱ्यात दुकानातली कोरी. दुकानदार "मावशी, ओ मावशी" करत चौकापर्यंत मागे आला. आम्ही हात हलवत घरी परतलो.

लग्नाच्या दिवशी अक्का ती काळी चप्पल घालूनच मांडवात आल्या. नवरीला बाहेर आणायची वेळ झाली, तर अक्का गायब. मी शोधायला गेले. त्या मांडवाच्या कडेला, चपलांच्या ढिगाशी. पायात मधाच्या रंगाची, बुटक्या रुंद टाचेची एक सुरेख जोडी. "वैनी," त्या हलकेच म्हणाल्या, "दोन्ही पाय गप हायत." मी काही विचारायच्या आत मामा नवरीला घेऊन निघाले, आणि अक्का तिच्या मागून बोहल्याच्या पायरीपर्यंत चालत गेल्या, मान वर करून, जराही न लंगडता. मी बघतच राहिले.

अक्षता पडल्या आणि ओरड झाली. वरमाईच्या चपला गेल्या! नवऱ्या मुलाचे जोडे मेहुण्या पळवतात हे ठाऊक होतं, पण त्याच्या आईच्या चपला गेल्यावर हसायचं की रुसायचं, हे वरपक्षाला ठरवता येईना. पोरीच्या पहिल्याच दिवसाला आपण गालबोट लावलं, म्हणून अक्कांचा चेहरा उतरला. चपला हातात घेऊन त्या विहीणबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. विहीणबाईंनी घाईघाईने पाय साडीखाली ओढले, पण मला दिसलंच. त्यांच्या पायात ती काळी, खुरासारखी चप्पल होती.

"ह्या तुमच्या हायत का?" पाय पुन्हा बाहेर काढत विहीणबाईंनी विचारलं. "लई मऊ हायत. माझ्या मला सकाळपासून चावत होत्या. राहू द्या ना माझ्याकडंच."

जी चप्पल एकीला चावते तीच दुसरीचे दोन्ही पाय कशी गप्प करते, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

पाठवणीला गाडी हलली तशा अक्का त्याच मधाच्या रंगाच्या जोडीत तिच्या मागे चालायला लागल्या. मांडव मागे पडला, घरं मागे पडली. त्या गोंधळात माझ्या चपला काही सापडल्या नाहीत, म्हणून मी अनवाणीच त्यांच्या मागे. मोठ्या रस्त्याला गाडी वळली आणि दिसेनाशी झाली, तरी अक्का तिकडेच बघत उभ्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "अक्का, टाच ठणकत नाही का?"

"पायाचं आज इचारू नका, वैनी."

मग दोघी माघारी फिरलो. आपण इतक्या लांब आलो होतो, हे परत येताना कळलं.