बाबांचा रिचार्ज

चौथीच्या मुलांना बचत शिकवायला गेलो आणि एका गेलेल्या माणसाचा फोन बंद पाडून आलो. आमच्या घरात गोष्टी सांगण्याचं काम माझ्याकडे असतं. माझ्या गोष्टीत दरवेळी थोडी भर पडते, असा घरच्यांचा आरोप आहे आणि तो खरा आहे. या एका गोष्टीत मात्र मला अजून एक शब्दही वाढवता आलेला नाही.

बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि घरी बसून बायकोला भाजी कशी चिरावी ते सांगू लागलो. तिची मावसबहीण हडपसरच्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. दोघींनी मिळून मला दर शनिवारी सकाळी चौथीच्या वर्गावर पाठवायचं ठरवलं. विषय आर्थिक साक्षरता. बायको म्हणाली, "अहो, रिक्षावाल्याकडे सुटे परत मागायला लाजता, तेवढं मुलांना सांगू नका."

माझी पद्धत सोपी होती. मुलांनी घरी विचारून महिन्याचा खर्च वहीत लिहायचा, वर्गात उभं राहून वाचायचा आणि प्रत्येक खर्च गरज की हौस, ते ठरवायचं. हौस निघाली की मी लाल पेनाने काट मारायचो. वाचलेले पैसे घरच्या डब्यात. सव्वीस वर्षं लोकांची व्हाउचरं तपासली होती, हात शिवशिवायचे. एकाने पाणीपुरी गरजेत घातली होती आणि वर्गाचं बहुमत त्याच्या बाजूने होतं. एकीच्या आजोबांच्या तपकिरीवर मी काट मारली, तर पुढच्या शनिवारी ते आजोबा फाटकापाशी माझी चौकशी करत उभे. मी मागच्या दाराने निघालो. एकूण मजेत चाललं होतं.

जुलैत तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. दोन घट्ट वेण्या, सुरेख अक्षर. दूध, गॅस, भाजी, शाळेची रिक्षा, आईचा रिचार्ज, बाबांचा रिचार्ज.

"बाबा फार बोलतात वाटतं फोनवर?" मी विचारलं.

"नाही सर. त्यांचा फोन कपाटात असतो."

वर्ग हसला. मीही हसलो. कपाटातल्या फोनला रिचार्ज म्हणजे शुद्ध हौस, असं म्हणून मी काट मारली. तिने मान डोलावली. पुढच्या महिन्यात त्या ओळीपुढे तिने 'वाचले' असं लिहून आणलं. मी तिथे सोनेरी चांदणी चिकटवली, तिला पुढे बोलावलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

तिचे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले होते. मला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं.

संक्रांतीनंतर तिची आई शाळेत आली, पॅकिंगच्या कामावरून अर्ध्या दिवसाची रजा टाकून. भांडायला आली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने बसून शांतपणे सांगितलं. ती कामावरून परतली की मुलगी रोज तिच्या फोनवरून बाबांचा नंबर लावायची. कपाटात तो वाजायचा, त्यांनीच निवडलेल्या धूनवर. पुरता वाजू द्यायचा आणि मग अभ्यासाला बसायचं. रिचार्जचे पैसे आई तिच्या हातात द्यायची, कोपऱ्यावरच्या दुकानातून मुलगीच करून आणायची. मी काट मारल्यावर तिने ते पैसे डब्यात टाकले. काही दिवसांनी कपाटातला फोन मुका झाला तेव्हा तिला उमगलं, पण सांगणार कुणाला? चांदणी मिळाली होती, टाळ्या वाजल्या होत्या. आता नको वाटतं लावायला, एवढंच ती आईला म्हणाली. आईला वाटलं, पोरगी सावरली.

परवा संध्याकाळी मुलीने पुन्हा लावून पाहिला. रिंग गेली. कपाटात मात्र काहीच वाजलं नाही. मग एक पुरुष 'हॅलो' म्हणाला. काल लावला तरी तोच आवाज.

आईने पिशवीतून बचतीचा डबा काढून टेबलावर ठेवला. मुलीने पाठवला होता, सरांना द्यायला.

"यातून परत रिचार्ज करा म्हणते," आई म्हणाली. "सर, तुम्ही बँकेतले. तो नंबर परत मिळतो का, एवढं बघा."

मी डबा तिला परत दिला आणि फोन कंपनीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने दोन मिनिटांत निकाल दिला. मुदत केव्हाच संपली होती, नंबर दुसऱ्याच्या नावावर चढला होता, आता तो त्याचा. मग मी मुलीच्या आईकडून घेतलेला तो नंबर माझ्या फोनमध्ये 'बाबांचा नंबर' म्हणून साठवला आणि लावला. रिंग जात असताना मला त्या कपाटाचं दार दिसत होतं, जे मी कधी पाहिलेलं नाही.

उचलणारा वाघोलीचा निघाला, घरोघरी पार्सल पोचवणारा. मी सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि नकार दिला. त्याचं काम, त्याचं खातं, सगळं त्या नंबरला जोडलेलं होतं. "काका, मी नंबर चोरला नाही कुणाचा," तो म्हणाला. बरोबरच होतं. मग म्हणाला, "सातच्या सुमाराला येतो तिचा फोन. उचलू की नको, तेवढं सांगा."

हे काही मी ठरवणार नव्हतो. शनिवारी मुलीला व्हरांड्यात गाठलं. आधी तिची माफी मागितली, तर तीच बिचारी अवघडली. मग त्या माणसाचा प्रश्न तिला सांगितला.

"उचलू नका म्हणावं, सर. कट पण करू नका. वाजू दे."

निरोप पोचवला. तो बरं म्हणाला.

तेव्हापासून सात वाजले की मी टीव्हीचा आवाज कमी करतो. "वाघोलीतली रिंग आपल्या विश्रांतवाडीत ऐकू यायची नाही," बायको म्हणते, पण रिमोट हिसकावून घेत नाही.

मार्चमध्ये एका दुपारी माझा फोन वाजला. स्क्रीनवर 'बाबांचा नंबर'. मी उचलला.

"काका, चार दिवस फोन आला नाही," तो म्हणाला. "पोरगी बरी आहे ना?"

मी लगेच तिच्या आईला विचारलं. मुलगी ठणठणीत होती. परीक्षा चालू होती आणि तिने स्वतःच ठरवलं होतं, यापुढे फक्त रविवारी लावायचा. मी त्याला तसं कळवलं.

"मग रविवारीच," तो म्हणाला. आणि फोन काही ठेवेना. मागे रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या. मलाही ठेववेना.