पेटीवालीचं आमंत्रण

मी ढोलकी वाजवते, ती पेटी. ती पाकिस्तानातली, सियालकोटच्या बाजूची. मी नागपूरकडची, चौथी पास. बर्मिंगहॅममध्ये बायकांचा दुपारचा क्लब असतो, तिथे भेटलो. बाकीच्या विणकाम करत बसायच्या. आम्हा दोघींना विणकामाचा कंटाळा, ओळख व्हायला तेवढं पुरलं.

ढोलकी मला बापाने शिकवली. तो भीमगीतांच्या गायन पार्टीत होता. तिला पेटी तिच्या खालाने, म्हणजे मावशीने, शिकवली. तिच्या लोकांच्या मेहंदीला मी जायचे, आमच्या जयंतीला ती यायची. मला ती ढोलकीवाली म्हणायची, मी तिला पेटीवाली. बोलणं मोडक्या हिंदीत, इथे मराठीत लिहिते.

गाण्यांचे शब्द तिला कळत नसत. एकदा तिने विचारलं, "हे बाबासाहेब तुमचे पीर का?"

"नाही. वकील."

"मग ठीक आहे. वकिलासाठी माणसाला एवढं ओरडावंच लागतं."

कडवं संपलं की ढोलकी एकटी वाजते आणि पेटी नुसता सूर धरून थांबते. किती थांबायचं ते ठरलेलं नसतं. लोक रंगले असतील तर मी लांबवते, जांभया देत असतील तर आवरते. ती माझ्या डाव्या खांद्याकडे बघायची. खांदा खाली आला की पुढची ओळ. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, तिचं तिने शोधलं.

आमची जयंती हॉल मिळेल तेव्हा होते. त्या वर्षी हॉल मिळाला आणि तिकडे दोन देशांत लढाई सुरू झाली. इथे सगळे फोनला चिकटले. ज्यांना गावाकडे जाऊन दहा वर्षं झाली तेही विमानं पाडत होते.

जयंतीच्या कमिटीतला एक पुण्याचा मुलगा घरी आला. सॉफ्टवेअरवाला, मुलगा कसला, चाळिशीचा.

"आजी, यंदा पेटीला त्या बाई नकोत. वातावरण बघताय ना."

"बघतेय की. सकाळपासून ढग आहेत."

"आजी, चेष्टा नका करू. लोक बोलतील."

"आमच्या गाण्यात माणसा-माणसात भेद नको म्हणतात. ते कडवं गाळायचं का?"

तो चहा पिऊन म्हणाला, "म्युझिकचा ट्रॅक आहे माझ्याकडे. फोनवरून लावतो."

"तिला तू सांग."

"मी कसं सांगणार, आजी?"

सांगायची वेळच आली नाही. संध्याकाळी तिचाच फोन आला. येत नाही म्हणाली.

"आमच्या कमिटीने काही कळवलं का?"

"तुमची कमिटी हॉलमध्ये बसते. माझी घरातच बसते. मुलगा, सून, सुनेची आई." पाठीमागे टीव्हीवर कोणी तरी किंचाळत होतं. "लढाई संपली की बघू," म्हणाली.

कार्यक्रम झाला. मी वाजवलं, कारण दिवस बाबासाहेबांचा होता, कमिटीचा नव्हता. दुसऱ्याच गाण्याला लोक रंगात आले. मी सवयीने लांबवलं. ट्रॅक कशाला थांबतोय? तो पुढच्या कडव्यात गेला, गाणाऱ्या बायका अर्ध्या त्याच्याबरोबर गेल्या, अर्ध्या माझ्यापाशी राहिल्या. मी डावीकडे बघितलं. तिथे स्पीकर होता.

लढाई चार-पाच दिवसांत थांबली. मला वाटलं आता येईल. आली नाही. वाट बघून कंटाळले आणि बसने तिच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं. आत बोलावलं, पण बसायला स्वयंपाकघरात नेलं, बैठकीत नाही. पेटी माळ्यावर गेली होती.

"वाजवलंस?" तिने विचारलं.

"हो. मशीनबरोबर."

"कशी होती मशीन?"

"बहिरी."

ती हसली, मग डोळे पुसून भांडी घासायला लागली. तिच्याकडच्या एका लग्नात बायकांनी तिला विचारलं होतं, त्या हिंदुस्तानी लोकांत अजून वाजवतेस का. तिने काय उत्तर दिलं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी तोच मुलगा परत आला. या वेळी मिठाई घेऊन.

"आजी, यंदा त्यांना नक्की आणा. आपण मैत्रीचा संदेश देऊ. दोघींचा सत्कार, दोन शाली, पोस्टरवर दोघींचा फोटो."

मी आमंत्रण फोनवर तिच्या कानावर घातलं. मला ती हवी होती, म्हणून शालीचा भाग हळू आवाजात सांगितला. तिने ऐकलाच.

"इतकी वर्षं मी पेटीवाली म्हणून येत होते. आता मला पाकिस्तान म्हणून बोलावतायत. पाकिस्तानला पेटी येत नाही, गं."

"एकदाच ये. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी तुझ्या घरी येईन. जेवायला."

जेवायला आली दोनदा. माझा मुलगा रीडिंग नावाच्या गावी असतो, घरात मी एकटीच, कोणी अडवणारं नव्हतं. तरी पेटी आणली नाही. तिचा मुलगा गाडीने सोडत नाही आणि बसमध्ये तिला ती उचलत नाही, असं ती म्हणाली. मीही ढोलकी काढली नाही. आम्ही जेवलो, गुडघ्यांबद्दल बोललो, ती गेली.

कमिटीच्या मुलाला मी सांगितलं, ती येणार नाही.

"का पण?"

"तिला शालीची ॲलर्जी आहे."

तो विचारात पडला. एकटीच्या फोटोवर मैत्रीचा संदेश कसा देणार? दोन दिवसांनी फोन आला. "आजी, यंदा तुम्हीही आराम करा. ट्रॅकमध्ये ढोलकी आहेच. तुम्ही पुढे बसा, पहिल्या रांगेत."

मी गेले. पहिल्या रांगेत बसले. शेजारच्या बाईने विचारलं, "आजी, आज वाजवणार नाही?" मी म्हटलं, "नाही," आणि जेवण कधी आहे ते विचारलं.