गुणवंतकाकांचा कोळसा

आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई गुणवंतकाका. हुडकेश्वरच्या देवळात नारळ फुटला की करवंटी काकांच्या पिशवीत. त्या करवंट्यांचा आम्ही बारीक छिद्रांचा कोळसा केला. छिद्रांत गॅस दाटीवाटीनं बसतो, म्हणून हा कोळसा भरलेल्या गाडीच्या टाकीत कमी दाबातही तो जास्त मावतो. "माया कोळशावर गाड्या चालतीन," असं काकांनी मोहल्लाभर सांगूनही टाकलं होतं.

चाचणीत मात्र अपेक्षेच्या निम्माच गॅस मावला. काकांचा चेहरा कोळशाहून काळा.

"काका, कालपासून कोळशाची बरणी कुठं होती?"

"कपाटात, माया जेवणाच्या डब्यापाशी. बरणीचं झाकण काढून ठेवलं गा. सावजी मटणाचा वास सरांले येऊ नये, कोळशानं ओढून घ्यावा म्हणून."

"म्हणजे गॅसची जागा तुमच्या मटणाच्या वाफेनं अडवली!"

"आता कसं गा?" काका रडवेले झाले.

"आता भट्टीत तापवून सगळं बाहेर काढू."

कोळसा तापला आणि प्रयोगशाळेत सावजीचा घमघमाट सुटला. सर नाक वर करून आत आले. "मटण कोणी खाल्लं?"

काकांनी भट्टीकडे बोट दाखवलं. "यानं, सर."

दुपारी टाकीत आधीच्या दुप्पट गॅस मावला. काकांनी टाकी थोपटली. "उपाशी होता बिचारा."