दार नसलेली खोली

सुधाकर गेल्याचा फोन त्याच्या दादांनीच केला. ‘तुमचा लेखक गेला,’ एवढंच म्हणाले आणि... फोन काही ठेवला नाही. सख्ख्या भावाची बातमी देताना ‘तुमचा लेखक’! पण ते तसं का म्हणाले, हे मला ठाऊक होतं.

सुधाकर एकटा जीव. महाल नावाच्या जुन्या वस्तीत दादा-वहिनींकडे राहायचा आणि तऱ्हेवाईक कथा लिहायचा. एका दिवाळी अंकातल्या कथेत थोरला भाऊ धाकट्याच्या खोलीचं दार विटांनी बुजवतो, वर कॅलेंडर टांगतो आणि आतल्याला भिंतीतून विचारतो, चहा घेशील का? वाचून मी पोट धरून हसलो होतो. दादांना मात्र ती झोंबली. गल्लीत जो तो विचारू लागला, काय हो, धाकट्याला त्रास देता म्हणे? मग या गृहस्थाने काय करावं? सुधाकरच्या खोलीचं दारच बिजागऱ्यांसकट काढलं आणि जिन्याखाली नेऊन ठेवलं. आता कोण कोंडतं ते पाहू!

मी शिष्टाईला गेलो. असंगत साहित्य, माणसाचं परकेपण, असलं बरंच काही सांगितलं. दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘त्यानं माझं नाव नसन लिहिलं. पण त्याले भाऊ तं मी एकच हाव ना?’ कप्पाळ! मी चपला घातल्या.

सुधाकरही महाहट्टी. त्याने माफी मागितली नाही आणि दारही मागितलं नाही. वहिनींनी जुन्या लुगड्याचा पडदा लावून दिला, तेवढाच. भावाभावांचं बोलणं बंद. पण सुधाकर खोकला की पडद्याखालून पाण्याचा तांब्या आत सरकायचा.

‘दार असतं तं दादाले माझा खोकला ऐकू आला असता का गा?’ शेवटच्या भेटीत त्याने मला विचारलं आणि हसला. मला रागच आला. म्हटलं, हे मला काय सांगतोस, त्यांना सांग की. सांगतो म्हणाला... राहूनच गेलं.

तेरवीनंतर मीच ते दादांच्या कानावर घातलं. वहिनींनी तेव्हा दार पुन्हा बसवायला सुतार बोलावला होता. दादा उठले आणि सुताराला परत पाठवलं. वहिनींनी विचारलं, काहून?

‘आता दार लावलं, तं त्याची गोष्ट खरी होईन.’

परवा पुन्हा गेलो होतो. पडदा तसाच आहे. खाली उंबऱ्याशी तांब्या होता, भरलेला.