हो, नाही आणि माहीत नाही

सेलूजवळच्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये मी संगणकावर कामाला होते, तेव्हाची गोष्ट. सकाळी यंत्रं सुरू करण्याआधी तीस प्रश्नांचा एक कागद भरावा लागे. तो भरायचे आमचे फिटर. हिंगणीहून पहिल्या बसनं येणारे, साठीला टेकलेले. सगळे त्यांना काकाजी म्हणत.

एकदा फाईल लावताना दिसलं, 'कापूस ओला आहे का?' पुढे हो, आणि 'कापूस कोरडा आहे का?' पुढेही हो.

"काकाजी, दोन्ही कसं खरं?"

"अर्धे प्रश्न त्या दिवशी कामाचेच नसतेत, पोरी. मंग वाचू काऊन?"

मला हसू आलं, पण म्हणणं पटलं. वर्ध्याच्या क्लासात मी नुकतंच 'जर-तर'चं सूत्र शिकले होते. चार दिवस खपून तीच यादी संगणकावर बसवली. 'कापूस ओला आहे का?' याला 'हो' लिहिलं, तरच खाली वाळवण्याचे पाच प्रश्न उमटत. 'नाही' लिहिलं की तेवढी जागा कोरी.

काकाजी चष्मा पुसून समोर बसले. हो, नाही, हो, नाही, असं दहा वेळा करून पाहिलं.

"याले कसं समजते?"

"मी सांगितलं म्हणून."

त्यांनी पडद्यावरच्या पहिल्या प्रश्नावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "कापसाची गंजी वरून कोरडी अन् मधात ओली असली तं? मले ठाऊकच नसलं तं काय लिहू?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी 'माहीत नाही' असं तिसरं उत्तर घातलं आणि त्याच्याखाली एकच ओळ: गंजीत हात घालून पाहा.

आठवड्याभरात त्यांनी पहिल्यांदा 'माहीत नाही' लिहिलं. ओळ उमटली तसे ते उठून अंगणात गेले आणि कापसाच्या ढिगात खांद्यापर्यंत हात घातला. मी दारातून बघत होते. हात बाहेर काढून त्यांनी मला बोलावलं. मीही हात घातला. आत ऊबदार, दमट लागत होतं. ओला कापूस आतल्या आत तापतो, हे मी ऐकलं होतं, हाताला कधी लागलं नव्हतं.

मजुरांनी गंजी फोडली, कापूस दोन दिवस उन्हात पसरला.

त्यानंतर काकाजी रोज डबा खाऊन माझ्या टेबलाशी यायचे. "आता पट्टा करकरून राह्यला असं लिहिलं, तं याले काय विचारता येईन?"

मी उलट विचारायचे, "तुम्ही काय विचाराल?"

ते सांगत, मी टंकत जायचे.