घंटा वाजायच्या आत

सरुबाईंना भांडायची हौस आहे असं कुणी म्हणालं, तर सरुबाई त्याच्याशीही भांडतील. पण मखमलाबादपासून पंचवटीच्या फुलबाजारापर्यंत कुणालाही विचारा, सकाळी आठ वाजता ही बाई काय करते? रेडिओवरच्या मास्तरांशी भांडते. गेली चार वर्षं, रविवार सोडून रोज.

हा रेडिओ म्हणजे नाशकातलं ‘ओसरी’ केंद्र. सिनेमाच्या गाण्यांशी त्यांचं वाकडं. पहाटे भूपाळ्या, मग पंचांग. दुपारी ‘सुगृहिणी’, त्यात लोणचं कसं मुरवावं आणि सासूपुढे किती बोलावं हे दोन्ही एकाच बाई सांगतात. दिवेलागणीला शुभंकरोती, की केंद्र झोपलं. पण लोक ऐकतात ते सकाळी आठचं ‘खडे बोल’. ते चालवतात सहादू मास्तर, निवृत्त मुख्याध्यापक. आजकालचं काही म्हणजे काही त्यांना पसंत नाही. केक कापून केलेले वाढदिवस नाहीत, फाटक्या जीन्स नाहीत, नवऱ्याला नावानं हाक मारणारी सून तर नाहीच नाही. फोन करणाऱ्याला तीन मिनिटं. ती भरली की मास्तर शाळेतून आणलेली पितळी घंटा हाणतात, ठण्ण! पुढचा फोन.

सरुबाईंचं बोलणं घंटेच्या आत कधी संपलेलं नाही.

त्यांचा गाळा फुलबाजारात. मांडीवर झेंडू, हातात सुई-दोरा, तराजूच्या आकड्याला रेडिओ टांगलेला आणि कानाशी मोबाईल. “मास्तर, लोकांनी केक कापला तर तुमचं काय कापलं गेलं?” असं त्या सुरू झाल्या, की शेजारचे शेवंतीवाले भाव करायचे थांबत. गिऱ्हाईकसुद्धा हार हातात धरून घंटेपर्यंत उभं राहायचं.

याचा ताप एकाच माणसाला, त्यांच्या मुलाला. ललित फुलांचा टेम्पो चालवतो आणि टेम्पोत दिवसभर ‘ओसरी’च लावतो. मास्तरांचा शब्द त्याला प्रमाण. “आई, सगळं मार्केट हसतं गं. मला तोंड दाखवायची सोय ठेवली नाय तू,” असं तो आठवड्यातून दोनदा तरी म्हणायचा.

“मग डोळे मिटून चालव टेम्पो,” सरुबाई म्हणायच्या.

इतके दिवस ही सगळी गंमतच होती. मग ललितच्या मुलीचा, हर्षालीचा नंबर धुळ्याच्या नर्सिंग कॉलेजात लागला. पोरगी आनंदानं घरभर नाचली. ललितनंही पेढे वाटले. शनिवारी दुपारच्या आत जाऊन प्रवेश पक्का करायचा, एवढंच राहिलं होतं. आणि नेमकं मंगळवारी मास्तरांनी विषय काढला, मुलींची वसतिगृहं! तासभर बोलले. मुलगी घराबाहेर राहिली की हाताबाहेर गेलीच म्हणून समजा, असं ठासून सांगितलं.

संध्याकाळी ललित घरी आला तो तोंड पाडूनच. “धुळं नको. इथंच काहीतरी बघू.”

हर्षाली रडली, जेवली नाही. सरुबाईंचं काळीज तुटलं. त्यांना स्वतःला चौथीतून काढलं होतं, फुलं तोडायला. नातीच्या हातात पुन्हा तीच टोपली बघायची त्यांची तयारी नव्हती.

बुधवारी त्या रेडिओवर मास्तरांवर तुटून पडल्या. ठण्ण! गुरुवारी आणखी जोरात. ठण्ण! भांडून काय झालं, तर ललित जास्तच अडून बसला. “तू एवढी उलटी बोलतेस ना, म्हणजे मास्तरांचंच बरोबर.”

आता काय करायचं? गुरुवारी दुपारभर सरुबाई हार गुंफत गप्प बसल्या. बाजारात सगळ्यांना वाटलं, बाईला ताप आलाय. पण त्यांच्या डोक्यात मास्तरांची चार वर्षांची बडबड उलटसुलट फिरत होती. ज्याच्याशी भांडायचं त्याचं बोलणं कान देऊन ऐकावं लागतं, आणि सरुबाईंनी मास्तरांचा शब्दन् शब्द ऐकला होता. ‘मी सुरगाण्याला होतो तेव्हा,’ असं ते मध्येच म्हणायचे आणि पुढे जायचे. एकदा भाकरीवरून बोलताना सांगून गेले होते, तिथल्या डोंगरातल्या पोरी साठ जणांच्या नागलीच्या भाकरी कशा झटपट थापायच्या. साठ जणांच्या? एका घरात कुठं असतात साठ माणसं?

शुक्रवारी आठ वाजता सरुबाईंनी फोन लावला.

“बोला सरुबाई, आज काय बिनसलं?”

“काही नाय मास्तर. तुमचं बरोबर हाय. पोरी बाहेर ठेवूच नये.”

फुलबाजारात एकाच्या हातातली टोपली खाली पडली. मास्तरही क्षणभर गांगरले, मग खुशीत आले. “बघा मंडळी! चार वर्षांनी का होईना, पटलं!”

“पटलं तर! मी तर म्हणते, शाळेतच कशाला घालायच्या? त्या डोंगराकडच्या पोरी बघा. आईबाप द्राक्षाच्या कामाला खाली उतरले, की पोरींनी पण मागं जावं, धाकटी भावंडं सांभाळावी. कुणी येडा मास्तर त्यांना वसतिगृहात ठेवून शिकवत असंल, तर त्याचा सगळा पगार पाण्यात गेला म्हणायचा!”

“पाण्यात?” मास्तरांचा आवाज चढला. “अहो, काय बोलता? सतरा वर्षं मी सुरगाण्याला त्याच पोरींसाठी पाडे पालथे घातलेत! आईबाप जीपमध्ये बसलेले, आणि मी जीपला आडवा उभा. म्हटलं, पोरगी इथं ठेवून जा, वसतिगृहात माझी बायको बघेल तिला. अशा अडवून ठेवलेल्या त्रेपन्न पोरी शिकल्या माझ्या! एकीचंही पाऊल वाकडं पडलं नाही. आणि तुम्ही म्हणता...”

तीन मिनिटं झाली, पाच झाली, घंटा वाजेना. मास्तर एकेका पोरीचं नाव घेत सुटले होते. मग एकाएकी ते थांबले. रेडिओ इतका वेळ गप्प राहिला, की शेवंतीवाल्यानं उठून त्याला थाप मारली.

“मंगळवारी मी चुकीचं बोललो,” मास्तर हळू म्हणाले. “वॉर्डन कशी आहे बघावं, जेवण बघावं, आणि पोरीला पाठवावं.”

गाळ्यासमोर टेम्पो उभा होता. ललितनं तो केव्हा आणून लावला, ते कुणालाच कळलं नव्हतं. तो खाली उतरला, आईसमोर उभा राहिला, झेंडूच्या ढिगाकडे बघत म्हणाला, “तिथली वॉर्डन कोण हाय, विचारलंय का हर्षालीनं?”

सरुबाईंनी पदर तोंडाला लावला. रडताना बाजारानं बघितलं असतं तर पुढे कोण घाबरलं असतं त्यांना?

नऊ वाजून गेल्यावर फोन आला. मास्तरच होते. “सरुबाई, तुम्ही ‘बरोबर हाय’ म्हणालात तेव्हाच मला शंका यायला हवी होती. कोण चाललंय वसतिगृहात?”

“नात. धुळ्याला. राग आला का मास्तर?”

“आला. तुमचा नाही, माझाच. धुळ्याला मोठ्या दवाखान्यात एक सिस्टर आहे, सुरगाण्याची. त्रेपन्नातली. तिचा नंबर लिहून घ्या. आणि उद्या फोन करा. नाहीतर लोक म्हणतील, बाईनं मास्तरला गुंडाळलं.”

“गुंडाळलंच की!” सरुबाई म्हणाल्या आणि नंबर लिहून घ्यायला पेन शोधू लागल्या.

शनिवारी टेम्पो उजाडताच धुळ्याच्या रस्त्याला लागला. पुढे ललित, मध्ये हर्षाली, खिडकीला सरुबाई, मागे फुलांऐवजी गादी आणि पत्र्याची ट्रंक. चांदवड यायच्या आधीच ‘ओसरी’ची नुसती खरखर उरली. सरुबाई नातीचा हात धरून बसल्या होत्या. आज त्यांना भांडायचं सुचत नव्हतं.

राहूड घाटाच्या अलीकडे ललितनं टेम्पो बाजूला घेतला.

“काय झालं रे? पंक्चर?”

“पुढं घाटात रेंज जाते,” ललित म्हणाला. त्यानं स्वतःचा मोबाईल काढला, नंबर लावला आणि आईच्या हातात दिला. “आठ वाजले आई. मास्तर वाट बघत असतील.”